आबा सरपंचांचा कुत्रेबंदीचा ठराव

आबा सरपंचांना आमच्या गावातल्या कुत्र्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. माणसांना तेवढी अक्कल असती तर त्यांनी आबांना निवडून दिलं नसतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या सुमाराची गोष्ट. आबा मुंबईहून पेन्शन घेऊन कायमचे गावी आले. तिथे ते कुठल्याशा मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. दुसऱ्यांनी केलेले नियम तिसऱ्यांना वाचून दाखवण्यात त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे मरण्याआधी आपणही एखादा नियम करावा ही त्यांची फार जुनी भूक होती. एस.टी.तून उतरले तेव्हा अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री आणि पायांत करकरणारे बूट. आमच्याकडे बूट घालून फौजदार यायचा, तोही कोणी मेलंबिलं तर. वाडीतली कुत्री आधी बुटांवर भुंकली, मग छत्रीवर, आणि मग सबंध आबांवर. आबांनी छत्री उगारली. उगारलेल्या छत्रीवर जे भुंकत नाही ते कुत्रं कसलं? आबा रस्त्याच्या मधोमध अडकून पडले. शेवटी माई, म्हणजे त्यांची बायको, पदराला हात पुसत धावत आली आणि नुसतं "गप रे" म्हणाली. सगळी कुत्री शेपट्या हलवत तिच्या पायांशी बसली.

आबांना राग कुत्र्यांचा आला की माईचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांची शेजारीण. मुलींच्या शाळेत शिकवायची आणि एकटी राहायची, मधे फक्त काट्याकुट्यांची एक वई होती. त्यांच्या घरात भांडं पडलं तरी माझ्याकडे ऐकू यायचं.

आमच्या भागातल्या पुष्कळ संसारांसारखाच तोही संसार. नवरा मुंबईत, बायको गावात. आबा गणपतीला यायचे, मे महिन्यात आंबे खायला यायचे, बाकी वर्षभर मनिऑर्डर. मूलबाळ झालं नाही. माईने त्या मोठ्या घरात एकटीने दिवस काढले ते वाडीतल्या कुत्र्यांच्या आणि देवळातल्या कबुतरांच्या सोबतीने. सकाळी देवळात जाताना ती पदरात मूठभर कण्या न्यायची आणि पटांगणात टाकायची. दुपारी पान वाढायच्या आधी कावळ्याचा घास कुंपणावर आणि कुत्र्याचा घास बेड्याबाहेर, म्हणजे आंगणाच्या फाटकाबाहेर. तसा घास गावातली प्रत्येक बाई ठेवायची, पण माई घास ठेवून आत येत नसे. ती तिथेच उभी राहून त्यांच्याशी बोलायची. कोणाचा पाय लंगडतोय, कोणाच्या अंगावर गोचीड झालीय, सगळं तिला ठाऊक. त्या घरात परका कोण असेल तर तो कोटवाला मनुष्य, आणि हे कुत्र्यांना बरोबर समजलं होतं.

आबांची दोन वाक्यं गावात पाठ झाली होती. पहिलं, "मुंबईत असं चालत नाही." दुसरं, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे." न्हाव्याने कल्ले तिरपे कापले तरी तत्त्वाचा प्रश्न, चहात साखर जास्त झाली तरी तत्त्वाचा प्रश्न. कोणाच्याही ओट्यावर बसण्यापूर्वी खिशातून रुमाल काढून जागा झटकायचे, आणि ज्याचा ओटा तो बिचारा आपल्या ओट्याकडे खाली मान घालून बघत राहायचा. मालवणी बोलणं त्यांनी मुंबईला जाताना सोडलं ते सोडलंच. गाईलासुद्धा ते "बाजूला सरक" म्हणायचे. गाय सरकायची नाही. माई आतून "हो गो, हो" म्हणाली की सरकायची.

असल्या माणसाला सरपंच का केलं? तर त्याला इंग्रजी अर्ज लिहिता येतो, म्हणून. अर्ज लिहिला की खाडीवर धक्का होईल, धक्का झाला की लाँच थांबेल, असा लोकांचा हिशेब. धक्का झाला नाही. पहिल्याच सभेत आबांनी जो कागद काढला तो कुत्र्यांचा होता.

पंचायतीचा शिपाई दाजी गळ्यात ढोल अडकवून तो ठराव वाडीवाडीत सांगत फिरला. भाषा आबांची, तोंड दाजीचं. पंचायतीच्या हद्दीत रस्ता, किनारा व देवालयाचे आवार येथे कोणीही कुत्रे मोकळे सोडू नये. प्रत्येक कुत्र्यास मालक असावा. मालकाने पंचायतीत नाव नोंदवून कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला बांधावा व त्यास दोरीने धरून फिरवावे. सदर जागी कबुतरे व इतर पक्षी यांस दाणा अथवा अन्न टाकू नये. कसूर करणाऱ्यास दंड होईल व बिल्ला नसलेले कुत्रे बेवारशी समजून नष्ट करण्यात येईल.

कबुतरं त्यात का आली? पंचायतीची कचेरी देवळाशेजारच्या जुन्या धर्मशाळेत होती, तिच्या वाशांवर ती बसायची. आणि सभेत एकदा, आबा शिस्तीवर बोलत असताना, एकाने वरून त्यांच्या टोपीवर आपलं मत नोंदवलं होतं.

दवंडी किनाऱ्यावर आली तेव्हा पारू सुके मासे उलटत बसली होती. पारू मासे विकायची आणि जीभ फुकट द्यायची. ती म्हणाली, "रे दाजी, कुत्र्याक मालक खंयचो? तांबडो माझे मासे राखता, मी त्येका मुंडकी घालतंय. रातचो तो माईच्या दारात निजता. सकाळी बाईच्या शाळेत जाता. आता त्येचो मालक कोण तां तुझ्या सरपंचाक इचारून ये."

दाजी म्हणाला, "माका नको सांगा. मी नुसतो ढोल वाजवतंय."

आबांना हेच कधी कळलं नाही. आमच्याकडे कुत्रं एका घराचं नसतं, वाडीचं असतं. चार घरचे घास खातं आणि चाळीस घरं राखतं. नाव नोंदवायला कोण जाणार? कुत्रा आपला म्हणून लिहिला तर शेजारणीला काय वाटेल? मालवणच्या तांबटाकडून घडवून आणलेले पितळी बिल्ले पंचायतीच्या कपाटात हिरवे पडले. एकही माणूस आला नाही. आबांनी त्याचा अर्थ गाव अडाणी आहे असा लावला.

मग लोकांना शिकवण्यासाठी त्यांनी प्रात्यक्षिक केलं. शाळेसमोरच, म्हणून मी सगळं पाहिलं. तांबड्याच्या गळ्यात बिल्ला, बिल्ल्याला सुंभाची दोरी, दोरीचं टोक आबांच्या हातात. "मुंबईत साहेबलोक असं फिरवतात," असं म्हणून त्यांनी पाऊल उचललं. तांबड्याला दोरी जन्मात माहीत नव्हती. तो उताणा पडला आणि चारी पाय वर करून आबांकडे बघू लागला. आबांनी ओढला. तो पाठीवरच घसरत गेला. मुली खिदळायला लागल्या, मी त्यांना दटावलं आणि मग माझंच तोंड पदरात घातलं. एवढ्यात किनाऱ्यावरून पारूची पाटी येताना दिसली. तांबड्या उठला आणि सुटला. शहाण्या माणसाने दोरी सोडली असती. पण तत्त्वाचा प्रश्न होता! आबा दोरीमागे, टोपी आबांमागे. दोघं जाऊन थांबले ते माशांच्या खाऱ्या पाण्याच्या डबक्यात.

पारू पाटी खाली ठेवून म्हणाली, "सरपंचानू, फिरवलास बरो. आता तो तुमका घरा पोचवतलो."

त्या दिवसानंतर आबांच्या बुटांना जो वास लागला तो गेला नाही. माझा अंदाज असा, की ठरावाला खुनशीपणा आला तो त्या डबक्यात.

पुढची नोटीस त्यांनी माईला दिली. हे मी वईपलीकडून ऐकलं, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. माई चुलीपाशी होती. आबा कोट घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि वाचू लागले, "आपण देवालयाच्या आवारात कबुतरांस कण्या टाकताना, तसेच सार्वजनिक रस्त्यावर कुत्र्यास भात घालताना आढळून आला आहात." सबंध वाचलं. खाली सहीपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "काही सांगायचं आहे?"

माई म्हणाली, "भात निवता. पान घेव?"

आबांनी कोट काढला आणि जेवायला बसले. आता हा माणूस स्वतःच्या बायकोलाही सोडत नाही म्हणून कोणाला त्याचं कौतुक वाटेल. पंचायतीत दोन-चार जणांना वाटलंही. मला ते कौतुक कधी वाटलं नाही. बायको वर्षानुवर्षं ज्या एका गोष्टीवर जगली ती काढून घ्यायची आणि वर तिच्याच हातचा गरम भात खायचा, याला न्याय म्हणत नाहीत, याला निगरगट्टपणा म्हणतात. त्या दिवसापासून माई बेड्याबाहेर जाईनाशी झाली. कुंपणाच्या आतूनच घास टाकायची, आणि कुत्र्यांशी बोलणं तिने थांबवलं. मला ते मुकेपण सहन होत नसे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मग गावपळण आली.

आमच्या मालवणकडच्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गाव देवाचा देवाला राहतो. वेशीपलीकडे रानात झोपड्या घालायच्या, तिथेच रांधायचं, आणि पुन्हा कौल झाला की परत यायचं. आम्हाला ते सणासारखं असे.

गावचे मानकरी आबांना सांगायला आले, "देवाचो हुकूम झालो. उद्या गाव सोडूक व्हयो."

आबा म्हणाले, "मला लेखी काही आलेलं नाही."

ते जाणार नव्हते. त्यांच्या डोक्यात एक योजना होती, आणि ती हेडक्लार्कच्याच डोक्यात येऊ शकते. गावपळणीत लोक आपापली जनावरं घेऊन जाणार. म्हणजे ज्याचा कोणी मालक आहे ते कुत्रं आपोआप हद्दीबाहेर जाईल, आणि मागे उरेल ते बेवारशी. बिल्ल्यांनी जे झालं नाही ते देव फुकटात करून देत होता. तालुक्याहून कुचल्याच्या विषाची बाटली मागवून ठेवली होती. भातात सुक्या बांगड्याचा चुरा घालून त्याचे गोळे करायचे, विष घालायचं आणि रिकाम्या गावात ठेवायचे. परत येईपर्यंत गाव स्वच्छ.

दाजीला हे पोटात ठेवणं जमलं नाही. तो संध्याकाळी माईच्या मागल्या दारी आला आणि सगळं सांगून बसला. थोड्या वेळाने मी माईचा आवाज ऐकला. इतक्या वर्षांत तो मी चढलेला ऐकला नव्हता.

"मुक्या जीवाक मारू नकात. मी तुमच्या पाया पडतंय."

"पंचायतीचा ठराव आहे. घरात त्याची चर्चा नको."

"त्येंनी तुमचां काय घेतलां?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि हे बघ, उद्या तूही जायचं नाहीस. सरपंचाची बायको रानात झोपडीत राहते, हे बरं दिसत नाही."

 माई कंदील घेऊन घराबाहेर पडली आणि घरोघर गेली. माझ्याकडेही आली. एवढंच म्हणाली, "बाई, उद्या एकय कुत्रो मागे ठेवू नकात."

दुसऱ्या दिवशी गाव निघाला. गुरं पुढे, डोक्यांवर गाठोडी, माझ्या कडेला कोंबड्यांचं डालगं. सगळ्यांत शेवटी माई आली. आबा ओट्यावर कोट घालून उभे होते. तिने खालच्या पायरीवरून त्यांना विचारलं, "येतास?" ते म्हणाले, "मी तुला काय सांगितलं होतं?" माईने पदराची गाठ सोडली, त्यात सुक्या माशांची मुंडकी होती, आणि तिने हाक घातली. पडवीतून, माडांच्या मुळांतून, होड्यांखालून कुत्री आली. लंगडी आली, आंधळी आली, नुकती व्यालेली एक पिल्लांसकट आली, तिची पिल्लं पारूने पाटीत घेतली. माई चालू लागली आणि सगळी तिच्यामागून चालू लागली. नवऱ्याची आज्ञा तिने आयुष्यात पहिल्यांदा मोडली, आणि ती एवढ्या लवाजम्यानिशी मोडली की बघणाऱ्याने उभंच राहावं. आबा उभेच होते. त्यांच्या योजनेतली सगळी बेवारशी प्रजा त्यांच्या डोळ्यांदेखत वारस शोधून निघून चालली होती.

तरीही त्यांनी गोळे ठेवले! मला आजही चीड येते ती याची. गावात एक कुत्रं उरलेलं नाही हे दिसत असताना, केवळ ठराव झाला आहे म्हणून, त्या माणसाने स्वतःच्या हाताने भात कालवला आणि रस्त्यावर, किनाऱ्यावर आणि देवळाच्या पटांगणात, म्हणजे जिथे अन्न टाकायला त्याने स्वतःच बंदी केली होती तिथे, नेऊन ठेवला.

आमच्या गावाची वेस म्हणजे एक ओहोळ. पलीकडे माईच्या भावाचा मळा, तिथे आमच्या झोपड्या होत्या. ते दिवस सुखात गेले. माईने कुत्र्यांसाठी वेगळी चूल मांडली आणि ती पुन्हा त्यांच्याशी बोलू लागली. शेवटच्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला देवळात गेले आणि धावतच परतले. देवाने कौल दिला होता. पण पटांगणात कबुतरं मरून पडली होती. कावळे मरून पडले होते. वडाच्या पारंब्यांखाली, पायऱ्यांवर, दीपमाळेच्या बुडाशी. भाताचे गोळे चोची मारून विसकटले होते.

सगळा गाव ओहोळाच्या काठावर थांबला. कुत्र्यांना घराचा वास आला होता, ती पाण्यात उड्या घ्यायला बघत होती. बायकांनी लुगड्यांच्या काठांनी, पुरुषांनी सुंभाने, मिळेल त्याने ती बांधून धरली. त्या सकाळी आमच्या गावातलं प्रत्येक कुत्रं दोरीला होतं आणि दोरी माणसाच्या हातात होती. आबांचा ठराव अखेर अंमलात आला. सरपंचापासून जीव वाचवण्यासाठी आला, एवढंच.

पलीकडच्या काठावर आबा आले. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला. म्हणाले, "प्रवेश करण्यास हरकत नाही."

पारू ओरडली, "आणि ते तुमचे लाडू कोण उचलतलो?"

आबांनी दाजीकडे बघितलं. दाजीने ढोल गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर बसला.

मग सरपंच स्वतः वाकले. हातात नारळ भरायचं हेडं, आणि इथून तिथून, दगडी गडग्यापाशी, माडाच्या आळ्यात, वाकून वाकून ते आपलेच गोळे शोधत होते. चारशे माणसं उभी राहून बघत होती. कोणी हसलं नाही. परत आले तेव्हा माई पुढे झाली. "सगळे गावले?"

ज्या माणसाला जन्मात "माहीत नाही" म्हणता आलं नव्हतं तो पाण्याकडे बघत राहिला.

लोक गेले. जाणं भागच होतं, चुली पेटायला हव्या होत्या. पोरं कडेवर घेऊन गेले, आपापली आंगणं स्वतः झाडून काढली. माई गेली नाही. ती तिथेच भावाच्या मळ्यात राहिली, आणि कुत्री तिच्यापाशी. पुढे पाऊस तोंडावर आल्यावर ती घरी आली. पुढल्या निवडणुकीत आबांची सरपंचकी गेली, ठराव कपाटात गेला, मग आबाही गेले. लोक त्यांच्याबद्दल आता बरंच बोलतात. सचोटीचे होते, शिस्तीचे होते. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, मी बोलते.

मला आबा आठवतात ते गावपळणीनंतर थोड्याच दिवसांनी दिसलेले. मी माईचं धुतलेलं लुगडं घेऊन मळ्यात गेले होते. ओहोळातून आबा येत होते. बूट एका हातात, धोतर वर खोचलेलं, दुसऱ्या हातात पेजेचं मडकं. पेज त्यांनी स्वतः केली होती, करपल्याचा वास लांबूनच येत होता. मडकं त्यांनी माईपुढे ठेवलं आणि माझ्यादेखत ते मालवणीत बोलले, मी पहिल्यांदाच ऐकलं. "माका काय जमणा नाय गो. घरा चल. ही खा. त्येंका पण घाल."

तांबड्या मडक्याजवळ आला. माईने झटकन त्याची मान धरली.

"आधी तुमी खावा," ती म्हणाली.

आबांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम मान फिरवली नाही. ते चिखलातच मांडी घालून बसले. फणसाचं पान खुडून त्याचा चमचा केला आणि पेज खाऊ लागले. सगळी कुत्री भोवती बसून बघत होती. मला दया यायला हवी होती, आली नाही. एक घोट, मग दुसरा. माई त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती, आणि तांबड्याची मान तिने अजून सोडली नव्हती.